बारदान वजा जाता

हिवाळा तोंडावर आला, की हैदराबादकडील आणि देशावरील काही वर्तमानपत्रांतून एक लहानशी सूचना प्रसिद्ध होत असते. मी ती प्रथम वाचली ती सोलापूरहून आलेल्या शेंगांच्या चटणीच्या पुडक्यावर, तेलाच्या डागांतून. सूचनेचा मथितार्थ असा, की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने हैदराबाद येथून रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान शास्त्रीय उपकरणे वाहून नेणारे मोठाले फुगे सोडण्यात येणार आहेत. हे फुगे पातळ प्लास्टिकचे असून त्यांत हैड्रोजन वायू भरलेला असतो. पूर्ण फुगल्यावर त्यांचा व्यास ५० ते ८५ मीटर होतो. तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर काही तास तरंगल्यावर उपकरणे फुग्यापासून सोडविली जातात आणि रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येतात. विशाखापट्टण, हैदराबाद व सोलापूर यांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपास, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरांच्या टापूत ती कोठेही उतरतील. कोणास सापडल्यास त्याने ती उघडू नयेत, हलवू नयेत. पोलिस ठाण्याला अगर टपाल कचेरीला वर्दी द्यावी. कळविणाऱ्यास योग्य ते बक्षीस मिळेल, मात्र पेटीशी छेडछाड झाल्याचे आढळल्यास काहीही मिळणार नाही.

सरकारी सूचना वाचून डोळ्यांपुढे चित्र उभे राहण्याचा योग आयुष्यात क्वचितच येतो. ही सूचना त्यांपैकी आहे. शाळूच्या रानात पहाटे दव पडलेले असावे, आणि बांधापलीकडे तांबडी छत्री पसरून तिच्या दोऱ्यांच्या गुंत्यात एक पेटी आडवी झालेली असावी! जिल्ह्यांच्या यादीत लातूर होते, सोलापूर होते, बिदर होते, आपला शेजारी विजापूरही होता. बेळगाव मात्र नव्हते. मला उगाच हळहळ वाटली.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बेळगावातील एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकविले, आणि विज्ञानाशी माझा जो काही संबंध आला तो माझ्या भाच्यामुळे. माझी धाकटी बहीण निपाणीस दिली आहे. मेहुण्यांची तंबाखूची वखार. त्यांच्या एकुलत्या एक मुलाने वखारीची गादी न धरता पदार्थविज्ञान धरले, परदेशातील एका विद्यापीठात गेला, आणि तेथून त्याने आईला कळविले, की आपण फुग्याला बांधून आकाशात सोडण्यासाठी एक दुर्बीण तयार करीत आहोत. बहिणीने ते पत्र मला वाचावयास दिले आणि विचारले, "दादा, दुर्बिणीतून बघायला वर माणूस कोण बसतंय?"

प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता मला जे थोडेफार उमगले, ते येथे मांडतो.

आपण सर्व एका विहिरीच्या तळाशी राहतो. आपल्या डोक्यावरील हवा वजनाला हलकी वाटते. परंतु जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवेचा भार आहे. म्हणजे दहा मीटर पाण्याखाली बसण्यासारखेच ते झाले. गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांहूनही प्रखर असा प्रकाश. तारे फुटतात, मूलद्रव्ये घडतात, कण आणि प्रतिकण एकमेकांना नाहीसे करतात, तेथे तो जन्मास येतो. हजारो वर्षांचा प्रवास निर्विघ्नपणे करून तो आपल्या दारापर्यंत येतो आणि नेमका आपल्या छपरात जिरतो. ते एका अर्थी बरेच आहे, नाहीतर आपण जगलोच नसतो. परंतु जे छप्पर तारते तेच आंधळेही करते. चाळीस किलोमीटर वर गेले, की या एक किलोपैकी जेमतेम तीन ग्रॅम हवा डोक्यावर उरते. डोंगरावर चढून हे साधत नाही, विमानाने साधत नाही. उरतात दोनच मार्ग, अग्निबाण आणि फुगा. पैकी फुगा हा गरिबाचा मार्ग. आणि गरिबाच्या मार्गाने जाणाऱ्यास जे सोसावे लागते ते सर्व या विद्येस सोसावे लागले आहे.

आपल्याकडे या मार्गाचा आरंभ डॉ. होमी भाभा यांनी केला. केंब्रिजहून सुटीत घरी आलेले भाभा १९३९ च्या युद्धामुळे परत जाऊ शकले नाहीत आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत राहिले. अवकाशातून येणाऱ्या कणांचा, म्हणजे विश्वकिरणांचा, वर्षाव उंचावर किती होतो हे मोजण्यासाठी त्यांनी युद्धकाळातच आपली यंत्रे विमानातून वर पाठविली. पुढे रबरी फुग्यांचे झुबके सोडले. १९४५ साली टाटा संस्था बंगळुरातच जन्मली आणि वर्षअखेर मुंबईस आली. रबर उंचावर फुटते, म्हणून पातळ पॉलिथिनचे फुगे आपले आपणच तयार करण्याची विद्या संस्थेने १९५० नंतरच्या दशकात हस्तगत केली, आणि १९६९ पासून हैदराबादेस या कामाचे कायमचे केंद्र झाले.

हैदराबादच का? मला आधी वाटले, जागा मोकळी आणि समुद्र दूर, एवढेच कारण असावे. पण खरे कारण पृथ्वीच्या पोटात आहे. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक असून त्याचा विषुवप्रदेश आपल्या दक्षिण भारतावरून जातो. येथे चुंबकीय पडदा इतका घट्ट आहे, की अवकाशातून येणारे कमी शक्तीचे कण परस्परच परतविले जातात. ध्रुवांकडे ते सर्रास आत शिरतात. आता हे आत शिरलेले कण हवेवर आपटले, की हवाच गॅमा किरण फेकू लागते. म्हणजे ज्या दिव्याचा प्रकाश पाहावयाचा, तसाच प्रकाश आपल्या छपराचे वासेही देऊ लागतात! दख्खनवर हा उपद्रव पुष्कळ कमी. निसर्गाने आपल्या कातळमुलखाला पाऊस बेताचा दिला, सोने थोडे दिले, पण ही एक शांतता मात्र दिली.

देणगीबरोबर अडचणही आलीच. आपल्या डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर हवेचा असा एक थर आहे, की तेथे उणे ऐंशी अंशांपर्यंत थंडी असते. समशीतोष्ण देशांवर त्या उंचीला इतकी थंडी नसते. उष्ण देशांवर मात्र असते, हा सृष्टीचा एक विनोद म्हणावा. तेथून जाताना साधे प्लास्टिक काचेसारखे ठिसूळ होते आणि तडकते. तेव्हा परदेशी कापड आणून येथे शिवले, असे करून भागण्यासारखे नव्हते. आपल्या आकाशाला सोसेल असे प्लास्टिक आपणच घडवावे लागले. त्याला अंतरिक्षावरून ‘अँट्रिक्स’ असे नाव आहे. २०१४ च्या जानेवारीत याच प्लास्टिकचा, ३.८ मायक्रॉन जाडीचा एक फुगा ५१.८ किलोमीटरांपर्यंत चढला. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर केसाच्या अठराव्या हिश्शाइतके हे वस्त्र झाले. शहापूरच्या विणकरांच्या घरी लहानपण गेलेल्या माझ्यासारख्याला पोताविषयी थोडे कळते. पण हे पोत कल्पनेतही चिमटीत येत नाही. कलिंगडाच्या फाकांसारखे लांबच लांब तुकडे कापून त्यांच्या कडा उष्णतेने सांधावयाच्या, आणि सांध्यात एक सुईएवढे भोक राहता कामा नये. जमिनीवर असताना फुग्याच्या माथ्याशी वायूचा लहानसा गोळा तेवढा असतो, बाकीचा फुगा पिळलेल्या धोतरासारखा खाली लोंबत असतो. वर जावे तसा बाहेरचा दाब उतरतो आणि तोच वायू शेकडो पट पसरून सारा फुगा भरून काढतो.

हैदराबादेहून १९६८ च्या एप्रिलात टाटा संस्थेच्या मंडळींनी क्ष-किरणांची दुर्बीण चढवून वृश्चिक राशीतील प्रखर उगमाचा वेध घेतला. त्यावरील निबंधाच्या लेखकांत अगरवाल, विश्वास, अय्यंगार, मनचंदा आणि श्रीकंटन यांच्या जोडीला गोखले आणि कुंटे ही आपल्या ओळखीची आडनावे आढळतात. पाठोपाठ त्याहून अवघड असे गॅमा किरणांचे काम आले. १९७१ साली दामले, डॅनियल आणि त्यांचे सहकारी यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या मंद, पसरट गॅमा प्रकाशाचे मोजमाप प्रसिद्ध केले. ऐंशीच्या दशकात मॉस्कोच्या शास्त्रज्ञांसमवेत ‘नताल्या’ नावाची गॅमा-दुर्बीणही येथून चढविण्यात आली.

अवघड असे मी म्हटले, त्याचे कारण सांगितले पाहिजे. गॅमा किरण भिंगाने वळत नाही, साध्या आरशाने परतत नाही. तेव्हा दुर्बिणीची नळी, भिंग, डोळा लावण्याची जागा, असले येथे काहीच नसते, आणि वर माणूस बसण्याचाही प्रश्न उरत नाही. एक स्फटिक असतो. त्यात गॅमा किरणाचा एखादा कण शिरला तर बारीकशी ठिणगी चमकते; ती एका नळीत पकडून मोजावयाची. असे एकेक करून मोजावे लागते. अमेरिकेने १९६१ साली आकाशात पाठविलेल्या पहिल्या गॅमा-उपग्रहाला कित्येक महिन्यांच्या पहाऱ्यात अवकाशातील म्हणता येतील असे बावीस कण सापडले. बावीस! फिलिप मॉरिसन या पंडिताने १९५८ साली आकाशात गॅमा प्रकाश भरपूर असावा असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात भांडे जवळजवळ रिकामेच निघाले.

आणि त्या ठिणग्यांत खऱ्या किती? विश्वकिरण स्फटिकाला भिडतात, त्यांनीही ठिणगी पडते. हवेने स्वतः फेकलेले गॅमा असतात. दुर्बिणीचा अॅल्युमिनियमचा सांगाडादेखील माऱ्याने तापून किरण देऊ लागतो. घराचा राखणदारच चोरांना सामील व्हावा तसे हे. म्हणून स्फटिकाभोवती दुसऱ्या एका चमकणाऱ्या पदार्थाचे कवच बसवितात. विद्युतभारित कण प्रथम कवचात चमक पाडून मग आत येतो. म्हणून दोन्हीकडे एकाच क्षणी चमक आली, की ती नोंद रद्द. गॅमा किरण बहुधा गुपचूप आत येतो. परंतु हवेचा गॅमा आणि आकाशाचा गॅमा यांना कवचही ओळखू शकत नाही. दोघांचा चेहरा एकच. तेव्हा फुगा चढत असतानाच मोजणी सुरू ठेवावयाची, डोक्यावर हवा उरली किती आणि ठिणग्या किती याची वही ठेवावयाची, आणि हवा शून्य झाली असती तर काय उरले असते, याचा हिशेब मांडावयाचा.

हे सगळे मला ज्या रीतीने पटले ती रीत शास्त्रज्ञाची नव्हे, वखारीची आहे. ती सांगण्यासाठी भाच्याच्या हकिकतीकडे वळले पाहिजे.

त्याची दुर्बीण तयार होण्यास पाच वर्षे लागली. त्यानंतर ती घेऊन त्याचे पथक दूर देशीच्या एका ओसाड मैदानात जाऊन राहिले. फुगा सोडावयाचा तर जमिनीलगतचा वारा मंद हवा, नाहीतर ते पातळ वस्त्र जमिनीवरच फाटते. आणि वरचा वारा योग्य दिशेचा हवा, नाहीतर पेटी समुद्रात किंवा गावावर जावयाची. दोन्ही एका रात्री जुळून यावे लागतात. रोज मध्यरात्री उठावयाचे, यंत्र तपासावयाचे, आणि पहाटे ‘आज नाही’ हे ऐकून झोपावयाचे. असे पाच आठवडे गेले.

इकडे निपाणीत वेगळेच चालले होते. मेहुण्यांच्या छातीत आदल्या पावसाळ्यात कळ येऊन गेली होती. वखारीचे काय करावे, ती मुलासाठी राखावी की मोडून टाकावी, हा निर्णय त्यांना घ्यावयाचा होता. आणि त्यांनी मुलाला स्पष्ट शब्दांत कळविले होते, की यंदा तुझा फुगा उडाला तर तुझा मार्ग तुला मोकळा, न उडाला तर परत ये. व्यापारी माणसाने मुदत घालून केलेला हा करार होता. त्यात क्रूरपणा होता असे मला वाटत नाही; पाच वर्षांत दमडीचा माल बाहेर न पडलेला कारखाना कोण चालू ठेवील?

बहीण मला दररोज दूरध्वनी करी. एके दिवशी म्हणाली, "दादा, शांतादुर्गेला नारळ बोलले आहे, पण मला वाटतंय चुकीच्या दारात गेले. वाऱ्याचं काम मारुतीकडे." आणि तिने खरोखरच दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्यास सुरुवात केली. पुजाऱ्यांनी कारण विचारले तेव्हा तिने सांगितले, की मुलाचा फुगा अडकला आहे. पुजाऱ्यांनी गंभीरपणे मान हलविली. त्यांना काय समजले असेल कोण जाणे!

त्या वर्षी फुगा उडाला नाही. हंगाम संपला, वरचे वारे फिरले, पेट्या पुन्हा खिळे ठोकून बंद झाल्या. भाच्याचे पत्र आले. करार मोडण्याची विनंती त्यात नव्हती. केवळ एवढेच होते, की मी येतो, पण यंत्र दुसऱ्याला समजावून देण्यास दोन महिने लागतील. मेहुण्यांनी ते पत्र दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "गुरुजी, वाऱ्यानं दगा दिला तर त्यात पोराचा काय दोष? करार माणसाशी होता, हवामानाशी नव्हता." आणि त्यांनी एक वर्ष वाढवून दिले. तंबाखूच्या धंद्यात अवकाळी पावसाने माल भिजल्यावर शेतकऱ्याची बाकी पुढे ढकलावी लागते. तो रिवाज त्यांनी येथे लावला असावा.

पुढल्या वर्षी तो उडाला. एक दिवस आणि एक रात्र तो वर राहिला, आणि पेटी एका धनगराच्या कुरणात उतरली.

नंतर काय झाले असेल? वाचकांस वाटेल, की आता शोध लागला असेल. दोन वर्षे भाचा वजाबाकी करीत बसला. जमलेल्या ठिणग्यांपैकी शंभरात कशीबशी एखादी आकाशाची असण्याची आशा. बाकीच्या नव्व्याण्णव कोणाच्या, ते एकेक कारण शोधून, आकडा बांधून वजा करावयाचे. हवेच्या वजा. सांगाड्याच्या वजा. कवच चुकवून शिरलेल्या कणांच्या वजा. वजा करताना जी चूक होईल ती उरलेल्या आकड्याहून मोठी असेल तर उरलेला आकडा फोल. तो सुटीवर निपाणीस आला तेव्हा वडिलांनी विचारले, "मग, काय सापडलं?" तो म्हणाला, "सापडलं नाही, बाबा. पण याहून जास्त तिथं नाही, एवढं आता नक्की सांगता येतं."

मला वाटले, मेहुणे आता काहीतरी कडू बोलतील. ते म्हणाले, "म्हणजे बारदान वजा केल्यावर माल काट्याच्या चुकीतच निघाला, असं ना?"

तंबाखूचे बोद काट्यावर चढते तेव्हा जे भरते ते ढोबळ वजन. त्यातून गोणपाटाचे, सुतळीचे, म्हणजे बारदानाचे वजन काढावयाचे. पानावरची माती, ओल यांची तूट धरावयाची. मग जो उरतो तो माल, त्याचेच पैसे. ज्या व्यापाऱ्याला बारदानाचे वजन अचूक ठाऊक नाही, त्याला मालाचेही ठाऊक नाही, हे मेहुण्यांचे रोजचे वाक्य. भाचा चकित होऊन वडिलांकडे पाहत राहिला. पाच वर्षे मार्गदर्शकापाशी बसून त्याने जे शिकले होते ते वडील चाळीस वर्षे करीत आले होते. फरक इतकाच, की त्यांच्याकडे बारदान एकास एक पोते असे, आणि याच्याकडे एका पसाभर मालाला शंभर पोत्यांचे बारदान होते. त्या रात्री बापलेक जेवणानंतर बराच वेळ बोलत बसले होते. वखार पुढे मेहुण्यांनी भाड्याने दिली. भाचा अजून तिकडेच आहे आणि अजून वजाबाकीच करतो.

या वजाबाकीतून काही उरतच नाही, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९७० साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या मंडळींनी अर्जेंटिनातून फुगा सोडून आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडे रोख धरला, तेव्हा तेथून एका ठराविक ऊर्जेचा गॅमा प्रकाश येत असल्याचे दिसले. आकडा निघाला ४७६ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारास. तो कशाशीच नीट जुळेना. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील अॅलिस स्प्रिंग्ज येथून दुसऱ्या एका पथकाने जर्मेनियमचा, अधिक बारीक मोजणारा स्फटिक चढविला. आकडा ५११ निघाला, आणि कोडे सुटले. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन परस्परांना भेटून नाहीसे होतात तेव्हा नेमका हाच प्रकाश निघतो. हे दोन कण एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा काय घडते, याचे गणित भाभांनी तरुणपणी केंब्रिजमध्ये मांडले होते आणि ते १९३६ साली प्रसिद्ध झाले होते. त्या क्रियेला आजही जगभर त्यांचेच नाव आहे. इतके पॉझिट्रॉन आकाशगंगेच्या मध्यभागी येतात कोठून, याचा निर्णय मात्र अद्याप लागलेला नाही.

ती जागा आपल्यालाही दिसते. उन्हाळ्याच्या अखेरीस रात्री दक्षिणेकडे वृश्चिकाचा आकडा उगवून वर आला, की त्याच्या नांगीशी मूळ नक्षत्र असते. त्याच्या थोडे पूर्वेला, जेथे आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट होतो, तेथे हा मध्य. पत्रिकेत मूळ नक्षत्र निघाले की शांत करावयास धावणाऱ्या आपल्या समाजात, त्या नक्षत्राला ‘मूळ’ हे नाव कोणी आणि काय पाहून दिले असेल, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. त्यावरून आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असला निष्कर्ष मी काढणार नाही. नाव सुंदर आहे, एवढे पुरे.

आणि हिवाळ्यात रोहिणीच्या पूर्वेला, वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी खेकडा-तेजोमेघ आहे. १०५४ साली चिनी लोकांनी भर दिवसा पाहिलेल्या फुटलेल्या ताऱ्याची ती राख. गॅमा आणि क्ष-किरणांच्या दुर्बिणीचा काटा बरोबर आहे की नाही, हे याच्याकडे पाहून ठरवितात. तो बाजारातला प्रमाणित शेर म्हणा. डिसेंबरच्या मध्यरात्री तो हैदराबादच्या आणि आपल्याही जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणजे हवेचा सर्वांत पातळ थर ओलांडून दिसतो. फुग्यांचा हंगाम आणि या तेजोमेघाचा माथ्यावर येण्याचा काळ असे जुळून येतात. या फुग्यांवर हात बसलेल्या मंडळींचीच यंत्रे पुढे २०१५ साली ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर चढली.

उपग्रह असताना फुगे कशाला, असे मला कोणी विचारतात. उपग्रहावर चढविलेले यंत्र परत येत नाही. फुग्यावरचे बहुधा परत येते. ते उघडून पाहता येते, चुकले कोठे ते शोधता येते, विद्यार्थ्याला हातात घेता येते. न्यूझीलंडमधून २०१६ साली सोडलेली ‘कोसी’ नावाची गॅमा-दुर्बीण ४६ दिवस पृथ्वीभोवती तरंगत राहून पेरू देशात उतरली. त्याच यंत्राच्या धर्तीवरील उपग्रहाची अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२१ साली निवड केली. तिच्या आधीची, अंटार्क्टिकावरची भरारी फुगा गळू लागल्याने दोन दिवसांत आटोपली होती.

पण परत येते याचा अर्थ कोणाच्या तरी शेतात येते. येथे सारी विद्या, सारी वजाबाकी अनोळखी माणसाच्या हाती जाते. त्याने तांब्याच्या तारेसाठी पेटी फोडली तर संपले. म्हणून ती सूचना, म्हणून ते बक्षीस. भाच्याच्या पेटीवर त्या देशातील धनगराने रात्रीच्या दवापासून राखण्यासाठी आपली ताडपत्री घातली होती. त्याला ती पेटी कशाची हे ठाऊक नव्हते.

२०२५ च्या जानेवारीत हैदराबादेहून सोडलेला असाच एक फुगा बिदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी गावी उतरला. सकाळी गाव गोळा झाले. यंत्राबरोबर कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी होती. आपल्या या मुलखात पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून पिढ्यांनी वाद घातला आहे. ज्याच्या शेतात पेटी पडेल त्याला वाचता यावे म्हणून त्याच्या भाषेत चिठ्ठी लिहिणाऱ्यांचे मला कौतुक वाटले. जलसंगीस चालुक्यांच्या काळातील शिवालय आहे. त्याच्या भिंतीवर एक दगडी स्त्री उभी असून ती हाताने लेख कोरीत आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीचा तो लेख संस्कृतात आहे. सुमारे नऊशे वर्षे ती लिहीत आहे. त्या दिवशी गावकऱ्यांनी चिठ्ठी वाचली, पोलिसांना बोलाविले, आणि संस्थेची माणसे येऊन पेटी घेऊन गेली.